पोरगा म्हणतो, हिमालयावर जातो!

नागपूरच्या रामदासपेठेत आमचे बिऱ्हाड आहे. रामदासपेठ आणि शेजारची धंतोली म्हणजे दवाखान्यांचे गावच. काटोल, नरखेड, सावनेर, उमरेडकडे कोणाच्या घरी मोठे दुखणे निघाले की माणसे पिशवीत चादर आणि डब्यात भाकरी घेऊन इकडेच येतात. आमच्या घराला तर सारे नातलग 'दवाखान्याची धर्मशाळा' म्हणतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काटोलकडची माझी मोठी बहीण, भाऊजी आणि त्यांचा मुलगा असे तिघेही सकाळच्या एसटीने दारात उभे राहिले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच, "कोणाचं दुखणं?"

"दुखणं नाही बावा," भाऊजी चपला काढता काढता म्हणाले. "पोट्ट्याच्या डोक्यात पहाड शिरला. तूच समजाव त्याले, नाही तर मले समजाव."

भाच्याने एक रंगीत कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर पांढऱ्याशुभ्र शिखराचे चित्र होते. खाली छापले होते : लडाखमधले नून शिखर, उंची ७,१३५ मीटर. तीन आठवड्यांच्या वर दिवस. वाटाडे, स्वयंपाकी, तंबू, दोर, परवाने सारे आमच्याकडे, तुम्ही फक्त या. आणि सर्वांत खाली तीन लाखांच्या पुढचा आकडा. बूट, उबदार कपडे, विमा आणि प्रवास वेगळा.

भाचा तेवीस वर्षांचा. शेतकीची पदवी घेऊन बापाबरोबर संत्र्याची बाग सांभाळतो. मित्रांबरोबर सह्याद्रीतले गड पालथे घातलेले आणि एकदा हिमाचलात चार दिवस पायी भटकून आलेला. तेव्हापासून त्याला दुसरे काही सुचत नव्हते. एकुलत्या मुलाची हौस म्हणून भाऊजी सडकेच्या कडेचा ओलिताचा अर्धा एकर विकायला निघाले होते. गिऱ्हाईक दोनदा येऊन जमीन पाहून गेले होते. फक्त माझा शब्द घ्यायचा राहिला होता.

बहीण काही बोलली नाही. मी पाणी आणायला आत गेलो, तशी मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, "तिथून माणूस वापस येते ना रे?"

या एका प्रश्नापायी मी पुढचे दोन महिने पुस्तके चाळली, जाणत्यांना भेटलो, डॉक्टरांना गाठले. आज खेड्यापाड्यातल्या मुलामुलींच्याही हातात मोबाइल आहे आणि त्यात बर्फाच्या शिखरांची चित्रे आहेत. हाच प्रश्न उद्या तुमच्याही ओसरीवर येईल. म्हणून जे कळले ते इथे मांडतो.

पैसे भरून काय मिळते?

नून हे कारगिलच्या दक्षिणेला, सुरू नदीच्या खोऱ्याच्या माथ्यावरचे शिखर. १९५३ साली, म्हणजे तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले त्याच वर्षी, फ्रान्सच्या क्लोद कोगां ही बाई आणि स्वित्झर्लंडचे पिएर वित्तोझ यांनी ते पहिल्यांदा सर केले. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, चिखलदरा अकराशेच्या आसपास आणि नागपूर तर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई अशा चार रचल्या तरी नूनचा माथा वरच राहील.

पूर्वी अशा शिखरावर जायचे तर लष्कराची तुकडी तरी लागे, नाही तर एखाद्या गिर्यारोहण मंडळाची मोहीम. महाराष्ट्रातून एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोचले ते सुरेंद्र चव्हाण, १९९८ साली. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ साली एव्हरेस्टची मोहीम नेली, तेव्हा आठ जण माथ्यावर गेले. याच संस्थेचे दहा जण २०१९ साली कांचनगंगेवर पोचले. ही माणसे वर्षानुवर्षे सुटीच्या दिवशी एकत्र चढत होती. कोण थकला की चिडतो आणि कोण थकला की गप्प होतो, हे ती एकमेकांबद्दल जाणून होती.

आता दुसरी रीत आली आहे. पैसे भरा आणि मोहिमेत सामील व्हा. ही रीत वाईट आहे असे मी म्हणत नाही. चांगला आयोजक दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची परवानगी काढतो, अनुभवी वाटाडे देतो, स्वयंपाकी आणि भारवाहक नेमतो, वरच्या छावण्या लावतो, अवघड उतारावर दोर बांधून ठेवतो. गावाकडच्या एकट्या मुलाला हे सारे स्वतः जमवणे अशक्यच.

पण पैसे भरून विरळ हवेत चालणारे फुप्फुस मिळत नाही. बुटांना लोखंडी काटे बांधून निसरड्या बर्फावर पाऊल कसे टाकावे, घसरलो तर बर्फकुऱ्हाड रोवून स्वतःला कसे थांबवावे, हे सात हजार मीटरवर पहिल्यांदा शिकता येत नाही. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तशा हिमनदीलाही पडतात. फरक एवढाच की त्या भेगा घरे गिळतील एवढ्या खोल असतात आणि त्यांच्यावर ताज्या बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. म्हणून तिथे चार-पाच जण एकाच दोराला बांधून चालतात. एक आत गेला तर बाकीच्यांनी त्याला तोलून धरायचे. दोरावरच्या एकालाही ते येत नसेल तर धोका सगळ्यांनाच.

डाळ का शिजत नाही

उंचीचे दुखणे समजायला स्वयंपाकघरातली गोष्ट बरी पडते. आपल्याकडे पाणी जवळपास शंभर अंशांवर उकळते. साडेचार हजार मीटरवरच्या तळछावणीत ते पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळू लागते. उघड्या भांड्यात तुरीची डाळ तासन् तास ठेवली तरी दाणा दाताखाली टचटचीतच. कुकर असेल तरच ती शिजते. कारण वर हवेचा दाब कमी असतो.

जी हवा डाळ शिजू देत नाही, तीच माणसाच्या छातीतही जाते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब आपल्याकडच्या निम्मा होतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो तिसरा हिस्साच उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. शरीर हे हळूहळू सोसायला शिकते, पण त्याला दिवस द्यावे लागतात. रोपवाटिकेतले कलम एकदम उन्हात लावले तर जळते. आधी सावलीतून थोडे थोडे उन्हात आणावे लागते. माणसाचेही तसेच.

जाणकारांचा नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे. दिवसा वर चढून सामान ठेवून यायचे आणि झोपायला खाली उतरायचे. नूनच्या मोहिमेला इतके दिवस लागतात ते यासाठीच. जो आयोजक 'आम्ही निम्म्या दिवसांत नेतो' म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे.

उंची बाधू लागली की डोके ठणकते, मळमळते, झोप येत नाही. तिथेच थांबले तर बहुधा उतरते. पण बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात फेस आला, बोलणे बरळल्यासारखे झाले किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर छातीत किंवा मेंदूत पाणी धरू लागले असे समजावे. प्राणवायू आणि औषधे मदत करतात, पण खरा उपाय खाली उतरणे हाच, आणि तोही लगेच. सकाळची वाट पाहणाऱ्यांना कधी कधी सकाळ दिसत नाही. आणखी एक गोष्ट. ही बाधा पहिलवानाला होत नाही आणि किरकोळ माणसालाच होते, असे नाही. अंगात ताकद असलेला माणूस भराभर चढतो आणि त्यामुळेच उलट लवकर सापडतो.

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न

आलेच आहेत तर तपासून घेऊ म्हणून भाच्याला मी आमच्याच गल्लीतल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब पाहिला. सारे ठीक. मग त्यांनी सहज विचारले, "सिकलसेल तपासलंय का कधी?"

भाऊजी बिचकले. "आमच्या घरात कोणाले नाही ते."

डॉक्टर म्हणाले, "घरात कोणाला दिसत नाही, म्हणजे नाही असं नसतं."

विदर्भातल्या वाचकांनी हा भाग नीट वाचावा. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो आणि आपल्या भागात तो बऱ्याच समाजांत आहे. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही दोष आला तर मूल आजारी असते. एकाकडूनच आला तर ते मूल वाहक असते. वाहक माणूस दिवसभर डवरे हाकतो, पोती उचलतो, त्याला आयुष्यभर काही कळत नाही. पण विरळ हवेत गेल्यावर त्याच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, पाणथरी म्हणजे प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो आणि डाव्या बरगडीखाली भयंकर कळ येते. सिकलसेलच्या रुग्णाने उंच पहाडावर जाऊच नये. वाहकाने तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. तपासणीला थोडेसे रक्त लागते आणि ती सरकारी दवाखान्यातही होते. रंगीत कागदावर सतरा वस्तूंची यादी होती, कोणता टोप, कोणते मोजे. या तपासणीचा मात्र त्यात उल्लेख नव्हता.

अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस माझ्या बहिणीने कसे काढले ते मी पाहिले आहे. अहवाल चांगला आला. भाचा वाहकही नव्हता. पण ते दोन दिवस घरात पहाडाचे नाव कोणी काढले नाही, भाच्यानेही नाही.

चंद्रपूरची पोरे

संध्याकाळी गच्चीवर बसलो असताना भाचा मला म्हणाला, "मामाजी, आश्रमशाळेतली पोरं एव्हरेस्टवर जाऊन आली. मी नूनवर नाही जाऊ शकत?"

प्रश्न बिनतोड होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बोर्डा, देवाडा आणि जिवती इथल्या आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलामुलींना घेऊन आदिवासी विकास विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने 'मिशन शौर्य' ही मोहीम आखली होती. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण जगातल्या सर्वांत उंच शिखरावर उभे राहिले. २०१९ साली राज्यातल्या आश्रमशाळांची दुसरी तुकडी गेली आणि तिच्यातल्या मुलांनीही शिखर गाठले.

त्याच्याही आधी, २५ मे २०१४ रोजी, तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या शेतमजुराची मुलगी पूर्णा मालावत एव्हरेस्टवर पोचली. तेव्हा तिला चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. नेपाळात सोळा वर्षांखालच्यांना परवाना मिळत नाही, म्हणून ती तिबेटच्या बाजूने चढली.

मी भाच्याला म्हटले, "ही पोरं गेली खरी, पण कशी गेली ते पाहा." पुष्कळ मुलांमधून गाळत गाळत ती निवडली गेली. तेलंगणातल्या भोंगीरच्या उघड्या खडकावर दोर धरायला शिकली. मग दार्जिलिंगला बर्फ शिकली, मग लडाखच्या थंडीत राहून आली. असे महिनोन् महिने गेले आणि मग एव्हरेस्टची पाळी आली. खर्च शासनाने केला. कोणाच्या बापाने वावर विकले नाही.

आणि मला त्यातली सर्वांत मोठी वाटली ती गोष्ट वेगळीच. वर गेली होती दहा मुले. शिखरावर पोचली पाच. बाकीची पाच खालूनच परतली आणि शासनाने त्यांचाही सत्कार केला, त्यांनाही बक्षीस दिले. माघारी फिरणाऱ्या मुलाला 'हरला' न म्हणणे हे फार मोठे शहाणपण आहे. ज्याच्या बापाने अर्धा एकर विकला आहे, त्या मुलाला तिथे वर, तब्येत बिघडली असताना, 'परत फिरू या' असे म्हणणे किती जड जाईल, याचा विचार करा. विकलेली जमीन त्याला मागून ढकलत राहील.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

ओझे कोणाच्या पाठीवर

एव्हरेस्टचा खर्च नूनच्या कितीतरी पट. नेपाळ सरकारचे नुसते परवाना शुल्क सप्टेंबर २०२५ पासून माणशी पंधरा हजार डॉलर झाले आहे. त्याआधी ते अकरा हजार होते. सारा खर्च धरला तर आकडा तीस-चाळीस लाखांत जातो. या पैशात पाहुणे वर जातात, पण त्यांचे तंबू, दोर, प्राणवायूच्या नळ्या आणि अन्न वर नेतात ते शेर्पा आणि इतर भारवाहक. तीही शेतकऱ्यांचीच पोरे. एव्हरेस्टच्या पायथ्याचे शेर्पा बटाटा लावतात, याक पाळतात आणि हंगामात ओझी वाहतात. पाहुणा धोक्याच्या जागेतून थोड्या वेळा जातो, ओझेवाला पुन्हा पुन्हा जातो. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवर हिमकडा कोसळला आणि सोळा जण गेले. सगळेच्या सगळे नेपाळी कामकरी होते. आपल्या घरी मजूर येतात, आपणही कधी दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली आहे. म्हणून मोहिमेला पैसे भरण्याआधी भारवाहकांचा विमा आहे का, त्यांना बूट आणि कपडे मिळतात का, हे विचारायची लाज वाटू नये.

बहिणीच्या प्रश्नाचे खरे उत्तरही मी तिला दिले. साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ साली एव्हरेस्टवर गेली आणि ५ मे २०२२ रोजी कांचनगंगा चढून आठ हजार मीटरवरची पाच शिखरे सर करणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. त्याच दिवशी त्याच पहाडावर महाराष्ट्रातलेच बावन्न वर्षांचे एक गिर्यारोहक दगावले. एकाच दिवशी एकाच्या घरी पेढे आणि दुसऱ्याच्या घरी आकांत. बहुतेक माणसे परत येतात, पण सगळी येत नाहीत. यापेक्षा गोड उत्तर मला देता आले नाही.

आधी शाळा

मग करावे काय? पोराची हौस मारून टाकावी? नाही. हौस मारलेला मुलगा बांधावर उभा असतो, पण त्याचे मन बागेत नसते.

आपल्या देशात गिर्यारोहणाच्या सरकारी शाळा आहेत हे खेड्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. दार्जिलिंगची संस्था १९५४ साली निघाली, तेनसिंगच्या पराक्रमानंतर लगेच. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ सालची. मनालीला आहे, काश्मीरात पहलगामला आहे. तिथला पहिला अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. राहणे, जेवण, दोर, बूट, शिक्षक सारे त्यातच. खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते, त्यामुळे शुल्क चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी पडते. मुलींच्या वेगळ्या तुकड्याही असतात. वयाची अट असते, डॉक्टरचा दाखला लागतो, जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज बराच आधी करावा. पहिल्या अभ्यासक्रमात चांगली श्रेणी मिळाली तरच पुढचा करता येतो.

शाळा म्हणजे धोका नाही असेही समजू नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेची पुढच्या अभ्यासक्रमाची तुकडी 'द्रौपदी का डांडा' या शिखरावर असताना हिमकडा सुटला. सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. हे मी बहिणीपासून लपवले नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "वावरात वीज पडते. विहिरीत माणूस जाते. ते काही चुकत नाही. पण शिकून तरी जाऊ दे त्याले."

भाऊजींनी त्या रात्रीच गिऱ्हाइकाला निरोप धाडला की जमीन विकायची नाही. भाच्याने उत्तरकाशीला अर्ज केला. जागा मिळायला बरेच महिने लागले. नूनचा हंगाम जुलै-ऑगस्टचा, म्हणजे नेमका निंदण-डवरणीचा आणि आंबिया बहाराची फळे गळतात तेव्हाचा. शाळेच्या तुकड्या वर्षातून अनेकदा निघतात. त्याने संत्रा तोडून झाल्यानंतरची तुकडी घेतली, त्यामुळे बापाचे काम अडले नाही.

चार आठवड्यांनी तो परतला तेव्हा नाकाचे सालटे निघालेले आणि वजन उतरलेले. पहिले कित्येक दिवस पाठीवर ओझे घेऊन नुसते चालायला लावले, मग खडक, मग हिमनदी. तुकडीतला सर्वांत दांडगा मुलगा वरच्या तळावर डोके धरून बसला. शिक्षकांनी त्याला त्याच संध्याकाळी खाली पाठवले. दुसऱ्या दिवशी तो खाली हिंडत होता. शेवटच्या चढाईच्या दिवशी ठरलेली जागा अर्ध्या तासावर दिसत होती. ढग उतरले आणि शिक्षकांनी सगळ्यांना मागे फिरवले. कोणी एक शब्द काढला नाही.

"मामाजी," भाचा मला म्हणाला, "तेव्हा मी पैसे भरून नूनवर गेलो असतो, तर दोराले बांधलेलं पोतं झालो असतो."

त्याला चांगली श्रेणी मिळाली आहे. आता पुढच्या अभ्यासक्रमासाठी तो स्वतःच्या कमाईतून पैसे बाजूला टाकतो आहे. नूनचा रंगीत कागद त्याच्या कपाटात अजून आहे. त्यावर त्याने मागच्या बाजूने आयोजकाला विचारायचे प्रश्न लिहून ठेवले आहेत. ते मी त्याच्या परवानगीने इथे देतो. तुमच्या घरी असा कागद आला तर उपयोगी पडतील.

परवाना कोणाच्या नावावर आणि कोणत्या संस्थेचा? वाटाड्यांनी हे शिखर आधी कितीदा चढले आहे? एका वाटाड्यामागे पाहुणे किती? पाहुण्यांना आधीचा कोणता अनुभव असावा, अशी तुमची अट आहे? (अट नाही म्हणाले तर तिथेच उठावे.) हवा बिघडली तर राखीव दिवस किती? आजारी पडल्यास खाली कोण आणणार आणि त्याचा विमा कोणाचा? भारवाहकांचा विमा आहे का? मी शिखर न गाठता परतलो तर काय? आणि सर्वांत शेवटी, शिखराच्या दिवशी माघारी फिरायची वेळ कोणती आणि ती कोण ठरवणार?

हा शेवटचा प्रश्न भाचा शाळेत शिकून आला. पहाडावर निघतानाच वेळ ठरवतात. समजा दुपारचा एक. एक वाजला की माथा दहा पावलांवर असला तरी फिरायचे. कारण उतरायला उजेड आणि अंगात जोर उरला पाहिजे. अपघात पुष्कळदा उतरतानाच होतात.

बहिणीला ही गोष्ट फार पटली. आता भाचा मोटारसायकल काढून काटोलच्या बाजारालाही निघाला, तरी ती ओट्यावरून हाक मारून विचारते, "वापस फिरायची वेळ कोणती रे?" तो सांगतो, आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून आत जाते.